एका ‘नाही’मागची चार उत्तरे



स्मृतिव्याख्यानाला भारदस्त विषय असावा अशी प्रथा आहे. मी आज मांडणार आहे तो प्रश्न मात्र एका ओळीत मावतो. एक आयपी नेटवर्क दुसऱ्या नेटवर्कच्या आत आहे की नाही, हे ऑटोमेशनच्या स्क्रिप्टने कसे ठरवावे? प्रश्न लहान असला तरी त्यावर अवलंबून असलेली कामे लहान नाहीत. नवा सबनेट द्यायचा का, फायरवॉलमध्ये अमुक नियम घालायचा का, दोन संस्थांची नेटवर्क एकमेकांना जोडायची का, अशा प्रत्येक निर्णयाआधी कोणीतरी कधीकाळी लिहिलेली दोन-चार ओळींची तपासणी ‘आत आहे’ किंवा ‘आत नाही’ असे सांगते आणि पुढची सगळी कामे त्या शब्दावर विश्वास ठेवून होतात. विचारणारे यंत्र, उत्तर देणारेही यंत्रच. मध्ये शंका काढायला कोणी नसते. माझे प्रतिपादन असे आहे की ‘हो’ आणि ‘नाही’ एवढी दोनच उत्तरे देणारी तपासणी मुळात अपुरी आहे. तिच्या ‘नाही’मध्ये चार निरनिराळ्या परिस्थिती एकत्र कोंबलेल्या असतात आणि त्या चारींवर करायची कृती एक नसते. म्हणून स्क्रिप्टने आधी दोन नेटवर्कमधला संबंध काय ते सांगावे आणि निर्णय त्यानंतर, कामाचे स्वरूप पाहून, उघडपणे घ्यावा.

आधी प्रश्नाचे गणित पाहू. आयपीव्ही४ चा पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. आपण ती सोयीसाठी चार भागांत, मध्ये टिंबे देऊन लिहितो. नेटवर्क लिहिताना पुढे तिरकी रेघ देऊन आणखी एक आकडा येतो, तो प्रीफिक्सची लांबी सांगतो. १०.२०.४८.०/२० असे लिहिले की पहिले २० बिट ठरलेले आणि उरलेले १२ मोकळे. म्हणजे १०.२०.४८.० पासून १०.२०.६३.२५५ पर्यंतचे ४०९६ पत्ते. हा ब्लॉक १०.२०.०.०/१६ च्या आत आहे का, हे ठरवायला दोन अटी पुरतात. बाहेरच्याची प्रीफिक्स लांबी आतल्याच्या लांबीपेक्षा मोठी असता कामा नये आणि बाहेरच्याचे जेवढे बिट ठरलेले आहेत तेवढे आतल्याचेही तंतोतंत तेच असले पाहिजेत. इथे १६ हा आकडा २० पेक्षा लहान आहे आणि दोघांचे पहिले १६ बिट ‘१०.२०’ असेच आहेत. उत्तर ‘आत आहे’.

या मांडणीतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक ब्लॉकचा आकार दोनाच्या घातात असतो आणि तो आपल्या आकाराच्या पटीतच सुरू होतो. त्यामुळे दोन ब्लॉक एकमेकांत अर्धवट घुसू शकत नाहीत. दोघांत एक जरी पत्ता समाईक निघाला, तरी त्या पत्त्याचे सुरुवातीचे बिट दोघांनाही बांधून ठेवतात आणि मग लहान ब्लॉक संपूर्णच मोठ्याच्या पोटात असतो. म्हणजे दोन नेटवर्कमध्ये चारच संबंध संभवतात. पहिले दुसऱ्याच्या आत आहे, दुसरे पहिल्याच्या आत आहे, दोन्ही एकच आहेत, किंवा दोघांचा काही संबंध नाही. पाचवी शक्यता तुलनाच होऊ न शकण्याची. एक पत्ता आयपीव्ही४ चा आणि दुसरा आयपीव्ही६ चा असेल, किंवा मजकूर वाचतानाच अडखळायला होत असेल, तर ती उद्भवते. यादी इतकी आटोपशीर असताना तिला दोन उत्तरांत दाबून बसवण्याचे कारण काय? कारण गणितात नाही, सवयीत आहे.

ही सवय जुनी आहे. १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने आयपीव्ही४ ठरवले, तेव्हा नेटवर्कचे तीन मुख्य वर्ग होते. ए वर्गात पहिला भाग नेटवर्कचा, बी वर्गात पहिले दोन, सी वर्गात पहिले तीन. सीमारेषा टिंबावरच पडत असे, त्यामुळे पत्ता नुसता वाचून तो कोणत्या नेटवर्कातला ते कळत असे. पुढे बी वर्गातले ब्लॉक झपाट्याने संपू लागले, राउटरांतले मार्गांचे तक्ते फुगू लागले आणि सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ ने वर्गांची चौकट मोडून सीआयडीआर आणले. सीमा आता कोणत्याही बिटावर पडू लागली. नियम बदलून तीन दशके उलटली, तरी टिंबांकडे पाहून निर्णय करण्याची खोड स्क्रिप्टांमध्ये शिल्लक आहे. ‘पत्ता १०.१ ने सुरू होतो का’ अशी मजकुराची तुलना करणारी ओळ १०.१०, १०.१५ आणि १०.१९९ या सगळ्यांना १०.१.०.०/१६ च्या आत ढकलते. गट क्रमांक १२१ ची जमीन १२ या आकड्याने सुरू होते म्हणून ती गट १२ चा पोटहिस्सा आहे, असे कोणी तलाठ्याला सांगू लागला तर तो हसेल. स्क्रिप्ट मात्र हसत नाही, मान्य करते. उलट्या बाजूची चूकही तितकीच सहज होते. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने राखून ठेवलेला १७२.१६.०.०/१२ हा ब्लॉक १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत पसरतो. ‘१७२.१६.’ एवढेच शोधणारी स्क्रिप्ट १७२.२० ला परका ठरवते आणि ‘१७२.’ शोधणारी स्क्रिप्ट १७२.३२ या सार्वजनिक पत्त्याला घरचा मानते.

मजकुराची तुलना सोडून आकड्यांकडे वळलेल्या माणसाचीही एक ठरलेली चूक आहे. आतल्या नेटवर्कचा पहिला पत्ता बाहेरच्या नेटवर्कात बसतो का, एवढेच पाहून तो थांबतो. १०.१६.०.०/१२ या ब्लॉकचा पहिला पत्ता १०.१६.०.० आहे आणि तो १०.१६.०.०/१६ मध्ये बसतो. तपासणी म्हणते ‘आत आहे’. प्रत्यक्षात पहिला ब्लॉक दुसऱ्याच्या सोळापट मोठा आहे आणि त्यालाच पोटात घेऊन बसला आहे. दोन अटींपैकी लांबीची अट विसरली की संबंध असा उलटा होतो.

इथे पहिला आक्षेप येतो. हे सगळे तयार लायब्ररींनी सोडवले आहे, मग स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला गणित शिकवायचे कशाला? लायब्ररी वापरावी हे मलाही मान्य आहे, हाताने बिट मोजण्याचे कौतुक मला नाही. पण लायब्ररीला नेमके काय विचारले हे कळल्याखेरीज तिचे उत्तर उपयोगाचे नाही. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ‘आयपीॲड्रेस’ हे मॉड्यूल आहे. त्यात नेटवर्कच्या दोन वस्तू घेऊन १०.०.१.०/२४ हे १०.०.०.०/८ मध्ये आहे का, असे ‘इन’ या साध्या ऑपरेटरने विचारले तर उत्तर येते ‘फॉल्स’. चूक झाल्याची सूचना नाही, इशारा नाही. कारण त्या मॉड्यूलमध्ये ‘इन’ हा एकट्या पत्त्यासाठी आहे. डाव्या बाजूला नेटवर्क आले की उत्तर कायम नकारार्थी. नेटवर्कासाठी ‘सबनेट ऑफ’ ही वेगळी पद्धत आहे आणि ती २०१८ च्या ३.७ आवृत्तीत आली. दुसरीकडे ‘नेटॲडर’ नावाच्या लायब्ररीत हाच ‘इन’ दोन नेटवर्कांनाही चालतो आणि उत्तर ‘ट्रू’ येते. अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनातले आयपीचे फिल्टर याच ‘नेटॲडर’वर उभे आहेत. म्हणजे एका साधनात शिकलेली ओळ दुसऱ्यात तशीच उतरवली की उत्तर उलटते, तेही आवाज न करता. पायथनच्या मॉड्यूलमध्येच आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशी बेजोड जोडी दिली तर ‘सबनेट ऑफ’ त्रुटी दाखवून थांबते, ‘इन’ मात्र शांतपणे ‘फॉल्स’ म्हणते. तुलना होऊ शकत नाही आणि तुलनेअंती बाहेर ठरले, या दोन गोष्टी एका शब्दात मिसळतात त्या अशा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चार संबंध वेगळे का ठेवायचे, ते तीन नेहमीच्या कामांवर तपासून पाहू. पहिले काम नव्या ब्लॉकचे वाटप. १०.२०.४८.०/२० आधीच कोणाला तरी दिलेला आहे आणि मागणी आली १०.२०.०.०/१६ ची. स्क्रिप्ट विचारते, नवा ब्लॉक जुन्यापैकी कोणाच्या आत आहे का? नाही. म्हणून वाटप होते आणि नवा ब्लॉक जुन्याला गिळून बसतो. या कामात ‘आत’, ‘बाहेरून वेढणारा’ आणि ‘एकच’ हे तिन्ही संबंध नकाराचे आहेत. संबंधच नसणे एवढेच चालते. दुसरे काम परवानगीच्या यादीचे. इथे ‘आत’ आणि ‘एकच’ हे दोन्ही चालतात, वेढणारा मात्र चालत नाही, कारण ज्याला एक खोली दिली आहे तो अख्खा वाडा मागत असतो. तिसरे काम फायरवॉलचे निकामी नियम शोधण्याचे. नियम वरून खाली तपासले जात असतील आणि वरच्या नियमाचा ब्लॉक खालच्याला व्यापत असेल, तर इतर अटी सारख्या असताना खालचा नियम कधी लागूच होत नाही. इथे ‘एकच’ हा संबंधही धरावा लागतो, नाहीतर दोनदा लिहिलेला नियम निसटतो. तीन कामे आणि तिन्हींत त्याच चार संबंधांचा अर्थ वेगळा. एकच ‘हो-नाही’चे फंक्शन तिन्ही ठिकाणी वापरले तर निदान एके ठिकाणी ते चुकणारच. पोस्टग्रेस या डेटाबेसने हा भेद ओळखून ऑपरेटर वेगळे दिले आहेत. ‘आत’ आणि ‘आत किंवा तेच’ यांच्या खुणा निरनिराळ्या, उलट दिशेच्याही तशाच दोन, आणि परस्परांवर पडण्याची आणखी एक. लिहिणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवड करावी लागली की विचारही करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्याच्यामागे इंटरनेटच्या एका शिल्पकाराचे नाव आहे. आरएफसी ७९१ चे संपादक जॉन पोस्टेल यांनी त्याच दस्तऐवजात तत्त्व घालून दिले की पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार. मग स्क्रिप्टने कसाही लिहिलेला पत्ता समजून घ्यावा, त्रुटी दाखवून अडून बसू नये, असे कोणी म्हणेल. त्याची परीक्षा एका उदाहरणावर करू. सिस्कोच्या ॲक्सेस लिस्टमध्ये मास्क उलटा लिहितात. तिथे १०.१.१.१ च्या पुढे ०.०.०.० आले तर अर्थ होतो, फक्त हा एकच पत्ता. पायथनचे मॉड्यूल सरळ आणि उलटा असे दोन्ही मास्क ओळखते, पण सगळी शून्ये असलेला मास्क ते सरळच मानते. म्हणजे लांबी शून्य, अर्थात सगळे आयपीव्ही४ जग. मूळ वागणुकीत मॉड्यूल इथे त्रुटी दाखवते, कारण लांबी शून्य असताना पत्त्यात जादा बिट शिल्लक राहिलेले त्याला दिसतात. त्रुटीचा त्रास नको म्हणून कोणी ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय बंद केला, की तीच नोंद निमूटपणे ०.०.०.०/० होते. एका यंत्राची परवानगी सगळ्या जगाची झाली आणि यानंतर ‘अमुक पत्ता परवानगीच्या आत आहे का’ या प्रश्नाला कायम ‘हो’ येणार. पत्त्यात पुढे शून्य लावण्याचा प्रकारही असाच. जुन्या प्रणाली ०१० हा आकडा अष्टमान पद्धतीने ८ असा वाचतात. पायथनच्या काही आवृत्त्या तो दशमानात १० असा वाचत होत्या. तपासणी म्हणे, पत्ता १० च्या खासगी ब्लॉकातला आहे. जोडणी मात्र ८ ने सुरू होणाऱ्या सार्वजनिक पत्त्याशी होऊ शके. ही सुरक्षेची त्रुटी म्हणून २०२१ मध्ये नोंदवली गेली आणि ३.९.५ आवृत्तीपासून अशी शून्ये नाकारली जाऊ लागली. औदार्याचा सल्ला दोन अनोळखी यंत्रांनी बोलत राहावे यासाठी होता. अधिकार ठरवणाऱ्या तपासणीला तो लागू करणे गैर आहे. खुद्द इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने जून २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ प्रसिद्ध करून, मुकाट्याने सांभाळून घेण्याच्या या वृत्तीने दोष कसे मुरत जातात, याची चिकित्सा केली आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, एका बिघडलेल्या नोंदीसाठी रात्रीचे सगळे काम थांबवायचे का? तसे मी सुचवत नाही. न वाचता आलेली नोंद बाजूला काढावी, तिची यादी माणसापुढे ठेवावी आणि बाकीचे काम पुढे न्यावे. आग्रह एवढाच की त्या नोंदीबद्दल ‘आत नाही’ असा निर्णय नोंदवू नये. ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे. त्याचे ‘नाही’ करून टाकले की नकार यादीच्या तपासणीत त्याचाच अर्थ ‘जाऊ द्या’ असा होतो. आमचे नेटवर्क लहान आहे, सगळे ब्लॉक तोंडपाठ आहेत, हाही बचाव चालणारा नाही. ज्याच्या तोंडपाठ आहेत तो माणूस स्क्रिप्टच्या जागी बसलेला नसतो; तो नसताना काम व्हावे म्हणून तर स्क्रिप्ट लिहिली.

आयपीव्ही६ आले की पत्त्यांची टंचाई संपेल आणि मग ही कटकटच उरणार नाही, असेही ऐकू येते. टंचाई खरी आहे. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच /८ ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले. पण समावेशाचा प्रश्न टंचाईतून जन्मलेला नाही, तो वाटपाच्या उतरंडीतून येतो. आयाना या जागतिक संस्थेकडून एपनिक या प्रादेशिक नोंदणी संस्थेला, तिच्याकडून भारतातल्या आयआरआयएनएनला, तिथून सेवादात्याला, त्याच्याकडून ग्राहकाला अशी ब्लॉकांत ब्लॉकांची साखळी आयपीव्ही६ मध्येही तशीच आहे, फक्त ती १२८ बिटांत पसरली आहे. शिवाय तिथे एकच पत्ता अनेक रूपांत लिहिता येतो. अक्षरे लहान की मोठी, मधली शून्ये लिहायची की दुहेरी अपूर्णविरामात गुंडाळायची, यावर रूप बदलते. एकच ठरीव रूप सुचवण्यासाठी २०१० मध्ये आरएफसी ५९५२ लिहावा लागला. मजकुराची तुलना आयपीव्ही४ मध्ये अधूनमधून फसते, आयपीव्ही६ मध्ये ती हमखास फसेल.

माझ्या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. चार संबंधांची यादी दोन ब्लॉकांपुरती पूर्ण आहे. एका बाजूला ब्लॉकांची यादी असेल तर ती पुरत नाही. १०.०.०.०/२५ आणि १०.०.०.१२८/२५ अशा दोन नोंदी परवानगीत असतील आणि प्रश्न १०.०.०.०/२४ चा असेल, तर तो ब्लॉक कोणत्याच एका नोंदीच्या आत नाही, पण दोन्ही मिळून त्याला पूर्ण झाकतात. म्हणून यादीशी तुलना करण्याआधी लगतचे ब्लॉक सांधून घ्यावे लागतात. पायथनमध्ये त्यासाठी ‘कोलॅप्स ॲड्रेसेस’ हे फंक्शन आहेच. यामुळे मूळ मुद्दा कमजोर होत नाही. इथेही एका ‘नाही’ने वेगळीच परिस्थिती झाकली होती.

आणि संबंध अचूक कळला तरी अधिकार सिद्ध होतो असे नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशापोटी २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग घोषित केला आणि तो पीसीसीडब्ल्यू या वरच्या सेवादात्यामार्फत जगभर पोचला. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ ची होती. धाकटा ब्लॉक थोरल्याच्या आत होता, आणि जास्त लांबीचा प्रीफिक्स जिंकतो हा राउटरांचा नियम असल्याने सुमारे दोन तास जगाची यूट्यूबकडची वाट चुकली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग दोन /२५ ब्लॉक घोषित करून वाट परत मिळवायला सुरुवात केली. ‘आत आहे का’ याचे उत्तर इथे निर्विवाद ‘हो’ होते. घात झाला तो कोणाला हक्क आहे हे कोणी विचारले नाही म्हणून. पुढे कोणता ब्लॉक कोणाच्या हक्काचा याच्या प्रमाणित नोंदी ठेवणारी आरपीकेआय ही व्यवस्था उभी राहिली आणि २०१३ च्या आरएफसी ६८११ ने मार्गाच्या उगमाची पडताळणी ठरवली. तिने दिलेली उत्तरे तीन आहेत. मार्ग एखाद्या नोंदीच्या कक्षेत येतो आणि उगम व लांबी जुळतात, तर वैध. कक्षेत येतो पण जुळणारी नोंद एकही नाही, तर अवैध. कोणत्याच नोंदीच्या कक्षेत येत नाही, तर नोंदच सापडली नाही. अवैध मार्ग टाकून द्यावा आणि नोंद नसलेला मार्ग चालू ठेवावा, हे आज राउटर चालवणाऱ्यांचे सर्रास धोरण आहे, आणि ते शक्य झाले कारण दोन नकार वेगळे ठेवले गेले.

जागतिक मार्गव्यवस्थेने जे मान्य केले, ते आपल्या कार्यालयातल्या चाळीस ओळींच्या स्क्रिप्टला जड जाऊ नये. माझी विनंती त्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना आहे. ‘आत आहे का’ असे फंक्शन लिहिण्याआधी ‘संबंध काय’ हे फंक्शन लिहा. त्याला पाच उत्तरे द्या: आत, वेढणारा, एकच, असंबद्ध आणि तुलना अशक्य. कोणत्या कामात कोणते उत्तर चालते ते त्या कामाच्या जागी शब्दांत नोंदवा. आणि पाचही उत्तरांसाठी निदान एकेक चाचणी लिहिल्याशिवाय ती स्क्रिप्ट चालत्या नेटवर्कवर सोडू नका.